पाकीट घरी, फोन खिशात: पुणे ते अलिबाग

डिसेंबरात दोन दिवस अलिबागला जाऊन आलो, पाकिटाशिवाय. मुद्दाम नाही हो, स्टेशनवर रिक्षातून उतरताना खिशात हात घातला तेव्हा कळलं, आणि सव्वासातची डेक्कन क्वीन, परत कोण जाणार. म्हटलं बघू नुसत्या फोनवर कुठवर निभतंय.

लोणावळ्यानंतर टीसी आला. ओळखपत्र मागितलं तर मी गॅलरीतला आधारचा फोटो पुढे केला, तो म्हणाला हे चालत नाही, डिजिलॉकर उघडा (सरकारचं कागदपत्रांचं ॲप). आता घाटातल्या बोगद्यांत डिजिलॉकर कसलं उघडतंय, नुसतं चाक फिरत बसलं, शेवटी कर्जतला रेंज आली तेव्हा सुटलो. त्यातसुद्धा 'इश्यूड'मधलं, म्हणजे सरकारी खात्याकडून थेट आलेलं आधार नाहीतर लायसन्सच रेल्वेत चालतं, आपण स्वतः अपलोड केलेलं नाही. घाट लागायच्या आत उघडून ठेवा.

दादरला मित्राकडे उतरलो होतो. तिथून चर्चगेटला जायला प्लॅटफॉर्मवर उभा राहून रेल्वेच्या रेलवन ॲपवर लोकलचं तिकीट काढायला गेलो तर काढूच देईना. बरोबरच आहे म्हणा, नाहीतर टीसी दिसल्यावरच सगळे तिकीट काढतील. स्टेशनात शिरायच्या आधी काढा, आणि स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका, तिकीट ॲपमध्येच दाखवावं लागतं.

गेटवेहून मांडव्याची लाँच, पुढची अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात. यूपीआय केलं, बसलो, काही त्रास नाही.

गंमत झाली ती किनाऱ्यावर. ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन आलो, घसा कोरडा, दोन शहाळी प्यायलो, पैसे पाठवले आणि माझ्या बँकेचा सर्व्हर नेमका तेव्हाच झोपला. मला पैसे कापल्याचा मेसेज आला, पण तिकडे शहाळेवाल्या मावशींचा, पैसे आले की बोलणारा स्पीकर गप्प. "आवाज नाय आला दादा." मी मेसेज दाखवतोय, त्या स्पीकरकडे बघतायत, आणि त्यांचं तरी काय चुकलं? मग आठवलं, यूपीआय लाइटमध्ये कधीचे चारशे पडलेत. त्यातून केलं तर लगेच आवाज आला! लाइटला पिन लागत नाही आणि पैसे आधीच फोनमध्ये काढून ठेवलेले असल्यामुळे त्या क्षणी बँकेचा सर्व्हर चालू असण्यावर काही अडत नाही (नेट मात्र लागतं). एका वेळी १००० पर्यंत देता येतात, एकूण ५००० ठेवता येतात. घरूनच भरून निघा. अडकलेले पैसे मला दुसऱ्या दिवशी परत आले.

परतीला एसटी. कंडक्टरच्या मशीनवरच क्यूआर आला, सुट्ट्यांवरून कटकट नाही, पण माझी बॅटरी तेव्हा ७ टक्के आणि पॉवरबँक मित्राकडे विसरलेली. तिकीट निघेपर्यंत जीव टांगणीला. आता फोनच्या कव्हरमागे शंभराच्या दोन नोटा कायमच्या ठेवल्यात. पाचशेची ठेवू नका, मावशींकडे सुट्टे नसतात.