वॉक-ऑन आणि सिकलसेल

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल (हातात चेंडू घेऊन धावायचा खेळ) संघात मी ॲथलेटिक ट्रेनर आहे. व्यायाम करून घेणं हे माझं काम नव्हे. खेळाडू मैदानात उतरण्याजोगा आहे का हे बघायचं आणि कोणी कोसळलं तर आधी धावायचं, हे आमचं काम.

त्या उन्हाळ्यात एक नायजेरियन मुलगा सरावाला आला. शंभर मीटर धावणारा, फुटबॉल कधीच न खेळलेला. ही वाट जुनी आहे. ख्रिश्चन ओकोये नायजेरियाहून अझुसा पॅसिफिक विद्यापीठात आला तो थाळीफेकीसाठी. १९८९ च्या हंगामात चेंडू घेऊन १,४८० यार्ड धावून तो एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये धावण्यात अव्वल ठरला. घानाचा झिगी अन्सा २०१० मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संघात वॉक-ऑन म्हणून शिरला आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पाचवा निवडला गेला. वॉक-ऑन म्हणजे खेळासाठीची शिष्यवृत्ती नाही, जागेची हमी नाही. असा मुलगा पहिल्याच दिवशी जीव तोडून धावतो. धोका तिथेच असतो.

त्याचा रक्ताचा अहवाल आला: सिकलसेलची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह, इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या चाचणीत एएस, म्हणजे एक जनुक नेहमीचं आणि एक सिकलसेलचं. विदर्भातल्या वाचकांना हे नवं नाही. तो सिकलसेलचा वाहक होता, रुग्ण नव्हता. पश्चिम आफ्रिकेत हे प्रमाण बरंच आहे. आता आपल्याला घरी पाठवतील, असंच त्याला वाटलं. वाहक असल्यामुळे खेळ बंद होत नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. बदलतो तो सराव. सलग जोरात धावलं की रक्तातला प्राणवायू घटतो, आम्लता वाढते, काही पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि स्नायूंचा रक्तपुरवठा अडवतात. २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा डेल लॉइड शंभर यार्डांच्या सोळा फेऱ्यांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. २०१० पासून वरच्या विभागातल्या महाविद्यालयांत ही तपासणी बंधनकारक झाली, ती त्या प्रकरणानंतर.

म्हणून ११० यार्डांच्या वेळ लावून धावायच्या फेऱ्यांतून आम्ही त्याला वगळलं. दोन फेऱ्यांमध्ये जास्त विश्रांती, पाणी हाताशी, आणि कुणालाही न विचारता थांबायची मुभा. ही मुभा कागदावर देणं सोपं. प्रशिक्षकासमोर वॉक-ऑन ती वापरत नाही. त्यानेही वापरली नाही. बचावफळीच्या कवायतीत ओळ लहान होती, त्यामुळे त्याची पाळी लवकर लवकर येत होती. काही मिनिटांतच तो मंदावला आणि खाली बसला.

पेटके आले की खेळाडू ओरडतो, स्नायू दगडासारखा घट्ट होतो, गोळा डोळ्यांना दिसतो. हा शांतपणे बोलत होता, "पायात जोरच नाही." मांड्या हाताला मऊ लागत होत्या. उष्माघातात माणूस बरळतो, शरीराचं तापमान खूप चढतं. इथे शुद्ध पक्की होती आणि तापमान त्या मानाने कमी होतं. सराव सुरू होऊन फार वेळही झाला नव्हता. या तीन गोष्टी जुळल्या की "दमलाय, उठेल" असं म्हणायचंच नाही. मास्कने मिनिटाला १५ लिटर प्राणवायू लावला, रुग्णवाहिका बोलावली, हृदयाला झटका देणारं यंत्र शेजारी आणून ठेवलं. रुग्णालयाला फोनवरच सांगितलं: वाहक आहे, स्नायू वितळण्याची शक्यता धरा, पोटॅशियम आणि सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) लगेच बघा. हे सांगितलं नाही तर साधा थकवा समजून सलाइनवर ठेवतात आणि मोलाचे तास जातात.

सीके वाढलं होतं, पण मूत्रपिंडं शाबूत होती. आकडे उतरल्यावर चालणं, मग सायकल, मग छोट्या धावा, अशा पायऱ्यांनी तो परतला. त्याच्या फेऱ्यांमधली वेळ आता मुख्य प्रशिक्षक स्वतः घड्याळ लावून मोजतात, आणि ओळ लहान असली तरी त्याची पाळी लवकर लागत नाही. त्या शरद ऋतूत तो डिफेन्सिव्ह एन्डच्या, म्हणजे बचावफळीच्या टोकाच्या जागेवर राखीव खेळाडू होता.