शांत होता ना, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आत्या विचारते, सोसायटीतल्या बायका विचारतात, संस्थेतल्या बाकीच्या मुलांचे पालक तर हमखास: "गोळ्यांनी छान शांत झाला होता ना तुझा भाऊ, मग कमी करायचा हट्ट कशाला?"

भावाला बौद्धिक अक्षमता आहे, तो निवासी संस्थेत राहतो. 'शांत' हा शब्द मीही वापरायचे. त्या रविवारपर्यंत.

नेहमीसारखी ठाण्याहून पनवेल लोकल पकडून गेले होते. तो 34 वर्षांचा आहे, ट्रान्स-हार्बरची स्टेशनं तोंडपाठ. (2024 मध्ये आलेलं दिघा गाव त्याला मान्य नाही.) भेटलो की आधी स्टेशनं, मग खाऊ. त्या दिवशी "ऐरोली, रबाळे" म्हणाला आणि थांबला. मी "घणसोली?" म्हटलं, तर वर बघेना. लाळ गळत होती, शर्ट पोटापर्यंत ओला. बोटं इतकी ताठ की लाडू धरता येईना. त्याला सांभाळणाऱ्या मावशी कौतुकानं म्हणाल्या, "आता अजिबात त्रास देत नाही हो ताई."

फाइल मागितली. डोकं आपटतो म्हणून रिस्पेरिडोन, मनोविकारावरचं औषध. त्यानं अंग ताठरलं म्हणून पॅसिटेन. पॅसिटेननं पोट कडक होतं. दुखलं की हा सांगणार कसा, डोकं आपटणार. की परत रिस्पेरिडोन वाढवा! आठ दिवस पोट साफ नव्हतं, फाइलीत मात्र 'आक्रमक' एवढाच शेरा. आणि प्रत्येक वाढीपुढे माझी संमती. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली त्याची कायदेशीर पालक मीच. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोनवर म्हणाले होते, "डॉक्टर म्हणतायत तर द्या." फोन ठेवल्यावर हायसं वाटलं होतं, तेही लिहूनच टाकते.

संस्थेवर खापर फोडत नाही. रात्री 14 मुलांमागे एक मावशी असेल तर मीही गोळीच शोधली असती. इंग्लंडमध्येसुद्धा बौद्धिक अक्षमता असलेले 30 ते 35 हजार प्रौढ योग्य निदानाशिवाय रोज अशी किंवा नैराश्यावरची औषधं घेतात, असा सरकारी अंदाज 2015 मध्ये आला, तेव्हा कुठे 2016 मध्ये तिथे ही नको असलेली औषधं कमी करायची 'स्टॉम्प' मोहीम सुरू झाली.

आणि मी गोळ्या बंद केल्या नाहीत हो! दुसऱ्या डॉक्टरांनी सहा महिन्यांत, थोड्या थोड्या करत उतरवल्या. पोटाची नोंद रोज ठेवायला लावली. स्टेशनं परत आली, पार पनवेलपर्यंत.

गेल्या महिन्यात तो मावशींच्या हाताला चावला. चार टाके पडले. पोट साफ होतं, दात ठीक होते, कारण सापडलं नाही. मावशींना काय तोंड दाखवू? डोस वाढवायच्या संमतीचा कागद बुधवारपासून पर्समध्ये आहे.