फिटरचे स्थळ

गेल्या नोव्हेंबरात जर्मनीत, आमच्या श्टुटगार्टच्या घरातील हीटिंग बंद पडले आणि दुरुस्तीला दोघे आले. एक पन्नाशीचे मायस्टर, म्हणजे वरची परीक्षा उत्तीर्ण होऊन इतरांना शिकवण्याचा अधिकार मिळवलेले कारागीर, आणि दुसरी त्यांच्या हाताखाली शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी. बिघडलेली झडप तिनेच काढली, तिनेच नवी बसवली. मायस्टर शेजारी उभे राहून पाण्याचा दाब किती आहे आणि तो तेवढाच का हवा, एवढेच विचारत होते. काम आटोपल्यावर तिने ओट्यावर वही उघडून काय काय केले ते लिहून काढले. ही वही मायस्टर तपासतात आणि ती पूर्ण झाल्याखेरीज अंतिम परीक्षेला बसता येत नाही. शिक्षण साडेतीन वर्षांचे, आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस प्रत्यक्ष काम आणि पहिल्या महिन्यापासून वेतन. तिचे वडील शिक्षक आहेत, हे तिने बोलता बोलता सांगितले. त्यात तिला काही विशेष वाटत नव्हते.

मला माझा आतेभाऊ आठवला. दहावीला टक्के कमी पडले म्हणून त्याला साताऱ्यात आयटीआयला घातले, आणि पुढे तो चिंचवडला उत्तम फिटर झाला. शाफ्टवरून नख फिरवून तो पृष्ठभाग कुठे खरबरीत राहिला आहे ते सांगत असे. स्थळे पाहायला सुरुवात झाली तेव्हा मात्र आत्याने त्याच्या परिचयपत्रात ‘कंपनीत सुपरवायझर’ असे लिहायला लावले, आणि आयटीआयचा उल्लेख गाळला. मीही तेव्हा गप्प बसलो, याची मला आजही खंत वाटते.

कायद्यात आपण मागे नव्हतो. आपला शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे, तर जर्मनीचा व्यावसायिक प्रशिक्षण कायदा १९६९ चा. तरीही भारताच्या २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणात औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण आपल्याकडे ४.६९ टक्के आणि जर्मनीत ७५ टक्के दिले आहे. या आकड्यात बापाकडून शिकलेला सुतार किंवा काकाच्या हाताखाली तयार झालेला गवंडी मोजलाच जात नाही, आणि मला वाटते की खरे दुखणे तिथेच आहे. आपल्याकडे कसब बलुत्याबरोबर जन्माने मिळत गेले. ज्यांच्या हाती ते होते त्यांना मान नव्हता आणि ज्यांना मान होता त्यांनी हत्याराला हात लावणे कमीपणाचे मानले. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडले होते. त्या विभागणीवर नव्या यंत्रांची कार्यशाळा उभारली, तरी वर्गात येणारा मुलगा ‘मी इथे नाइलाजाने आलो’ हेच मनात घेऊन येतो. मुलींची गोष्ट याहून अवघड. वेल्डिंग शिकायचे म्हटले, तर घरचे तिला शिवणकामाकडे वळवतात.

जर्मनीत सारे आलबेल आहे असे नाही. येथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात आणि स्थलांतरितांच्या मुलांना त्याची झळ अधिक बसते. परंतु मायस्टरची पदवी येथील पात्रता आराखड्यात विद्यापीठाच्या पहिल्या पदवीच्या बरोबरीने, सहाव्या पातळीवर ठेवलेली आहे, आणि ती मिळवलेल्या माणसाला विद्यापीठाचे दारही उघडे असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच आत्याचा फोन आला. धाकट्याला प्लंबिंग शिकवून तिकडे पाठवता येईल का, असे ती विचारत होती. मी म्हटले, “आत्या, शिकू दे त्याला, पण आधी साताऱ्यातही हे काम करायची त्याची तयारी हवी.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “इथे कशाला रे? इथे लोक काय म्हणतील?”