खानापूरची आमटी, नागोयाचं स्वयंपाकघर

खानापूर-बेळगावकडचं कुणी जपानला यायला निघालं की फोनवर हमखास विचारतं, सोबत काय काय आणू? माझं उत्तर ठरलेलं आहे. घरची चटणी आण, म्हणजे कांदा-लसूण घालून डंकावर कुटून आणलेली. हिंग आण. बाकीची जागा कपड्यांना ठेव, इथली थंडी चोर्ल्याच्या धुक्यासारखी नाही. तयार रश्श्याच्या पुड्या आणि डाळीच्या पिशव्या बॅगेत कोंबून आणायचं काही कारण नाही. रोजचं आपल्या चवीचं जेवण इथल्या साध्या सुपरमार्केटातल्या मालावर होतं. दुकानात शिरताना मनात पदार्थांची यादी मात्र नको. रस्सा लाल कशानं होतो, आंबट कशानं येतं, भाकरी तुटत का नाही, हे प्रश्न घेऊन आत जावं.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे जड जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आपलं स्वयंपाकघर मुळातच चार दिशांच्या मालावर उभं आहे. तांदूळ खानापूर पट्ट्यातला, ज्वारी अथणी-गोकाककडची, नारळ आणि आमसुलं घाटाखालची. तिखटाला संकेश्वरी मिरची आणि रंगाला ब्याडगी. बेळगावच्या रविवार पेठेत हे सगळं शेजारी शेजारी मांडलेलं असतं, आणि आमच्या आज्जीच्या ताटात हुलग्याचं पिठलं नि सोलकढी एकत्र असायची. घाटावरचं कुठलं, कोकणातलं कुठलं आणि कानडी कुठलं, याचा हिशेब तिनं कधी ठेवला नाही.

मी राहतो त्या नागोयात मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट गोळा, काळपट तपकिरी असतो. जपानच्या बाकी भागांत मिसोला बहुधा तांदळाचं किंवा सातूचं आंबवण लावतात. नागोया ज्यात येतं त्या आइची नावाच्या प्रांतात मात्र फक्त सोयाबीन, मीठ आणि पाणी. जवळच्या ओकाझाकी शहरात किल्ल्याच्या पश्चिमेला हाच्चो मिसोचे जुने कारखाने आहेत. तिथं माणसापेक्षा उंच लाकडी पिंपांत मिसो भरून वर नदीतले दगड शंकूसारखे रचतात आणि दोन वर्षांहून जास्त काळ मुरू देतात. चव खारट, किंचित तुरट, शेवटी कडवट. पहिल्यांदा चाखला तेव्हाच मला खमंग भाजलेलं खोबरं घातलेल्या आमटीची आठवण झाली.

म्हणून तो मी अख्ख्या मसुरात घालतो. मसूर इथं नेपाळी आणि बांगलादेशी लोकांच्या दुकानांत मिळते. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला भरपूर लसूण, कांदा लाल होईपर्यंत परतायचा, एक चमचा घरची चटणी आणि शिजलेली मसूर. दोघांच्या आमटीला एक लहान चमचा मिसो पुरतो. तो वाटीभर गरम आमटीत आधी विरघळवून मग पातेल्यात ओतायचा, नाहीतर गोळे राहतात. मीठ शेवटी, चाखून. एरवी मिसो घातल्यावर उकळी आणू नये असं इथले लोक सांगतात, कारण वास उडतो. हा काळा मिसो त्याला अपवाद आहे. नागोयाचे लोक त्यात जाड उदोन शेवया मातीच्या भांड्यात रटरटवतात, तेव्हा आमटीची उकळी त्याला सहज सोसते.

घरी माळकरी माणूस येणार असेल तर पाकीट नीट वाचा. तयार मिसोमध्ये पुष्कळदा माशाचा अर्क मिसळलेला असतो. आमच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती आली होती तेव्हा मी कोंबू नावाचं वाळलेलं समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी वापरलं. कोंबूच्या चवीमागे ग्लुटामेट आहे हे किकुनाए इकेदा या टोकियोतल्या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये शोधून काढलं. त्या पाण्यातली भोपळ्याची आमटी आईनं दोनदा मागून घेतली.

आमसुलाची जागा उमेबोशीनं घेतली. हे खारवलेलं आंबट फळ, बहुतेकदा लाल शिसोच्या पानांनी रंगवलेलं. डब्यातलं नारळाचं दूध पाण्यानं पातळ करायचं, त्यात बी काढून कुस्करलेली उमेबोशी, लसूण आणि हिरवी मिरची वाटून घालायची, गाळायचं. मीठ अजिबात नको. रंग फिकट गुलाबी येतो. कोकणातल्या पाहुण्यांना ही सोलकढी म्हणून देऊ नका, पण मासे-भातानंतर ती तिचं काम चोख करते. ब्याडगीच्या रंगासाठी कोरियन मिरचीचा भरडा घ्यावा. तिखट बेताचं, रंग भरपूर. इथली सुकी लाल मिरची तिखट आहे, पण तिनं रस्सा लाल होत नाही. दोन्ही मिसळल्या की तवंग थेट आपल्याकडचा दिसतो.

भाकरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नव्यानं आलेली मुलं इथंच हात टेकतात. पीठ जोशिन्को घ्यायचं. साधा तांदूळ धुऊन, वाळवून दळलेलं हे पीठ कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं. त्याच्या शेजारची शिरातामाको आणि मोचिको ही चिकट तांदळाची पिठं, ती भाकरीला चालत नाहीत. इथला तांदूळ आपल्या तांदळापेक्षा मऊ, त्यामुळे उकडीला पाणी किंचित कमी लागतं. झाकून वाफ मुरू द्यायची आणि हाताला सोसेल तितक्या गरम असताना मळायची.

खरी अडचण पुढे येते. २००८ पासून इथल्या घरगुती गॅस शेगडीच्या प्रत्येक बर्नरमध्ये उष्णता ओळखणारा सेन्सर सक्तीचा आहे. तेल पेटून आगी लागू नयेत म्हणून ही सोय. भांड्याचा तळ सुमारे २५० अंशांवर गेला की आच आपोआप मंद होते किंवा विझते, आणि तवा तापलाच नाही तर भाकरीला पापुद्रा कुठून सुटणार? बऱ्याच शेगड्यांवर जास्त आचेचं एक बटण असतं, ते तीनेक सेकंद दाबून धरलं की काही वेळ सेन्सर सैल होतो. गॅसच्या लहान डब्यावर चालणाऱ्या टेबलावरच्या शेगडीला ही सक्ती नाही, पण डबा झाकला जाईल एवढा मोठा तवा तिच्यावर कधीही ठेवू नका, डबा तापून फुटतो. मला सगळ्यांत आवडलेला उपाय शेगडीच्या पोटातच आहे. मासे भाजायचा जो छोटा खण असतो, त्यात तव्यावर दोन्ही बाजू शेकलेली भाकरी सरकवायची. वरून आच मिळते आणि भाकरी टम्म फुगते. व्हिडिओ कॉलवर आई ओरडलीच, "पापुद्रा सुटला की रे!" त्याच खणात वांगी भाजून भरीतही होतं.

भाताची गोष्ट वेगळी. २०२४ च्या उन्हाळ्यात दुकानांतल्या तांदळाच्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि मे २०२५ मध्ये ५ किलोच्या पिशवीची सरासरी किंमत ४,२०० येनच्या वर गेली, आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. सरकारला राखीव साठ्यातला तांदूळ बाजारात आणावा लागला. भातशेतीच्या गावातून आलेल्या माणसाला ते बघवत नव्हतं. त्या दिवसांत मी रात्री पेज करू लागलो. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, मंद आच. जपानी माणूस आजारपणात अशीच पेज उमेबोशीबरोबर घेतो, आपण लोणच्याबरोबर. मी दोन्ही घेतो.

शेवटी झुणका. बेसन महाग पडतं, पण टोफूच्या दुकानात ओकारा, म्हणजे सोयाबीनचं दूध काढल्यावर उरलेला चोथा, अगदी स्वस्तात मिळतो. तो एकटा मिळून येत नाही, म्हणून दोन चमचे बेसन लावायचंच. कांदा जास्त, तेल थोडं सैल हातानं, आणि परतायला घाई करू नये, पाणी आटलं की तो मोकळा होतो. ओकारा लवकर आंबतो, त्याच दिवशी वापरावा. उरला तर पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि पुढच्या आठवड्यात थालीपिठाच्या पिठात मळावा.