जूनमधलं नियमपत्रक

५ जून

नियमपत्रक छापायला जाण्याचे हे दिवस. बहुतेक शाळांत गेल्या वर्षीचंच जातं, साल तेवढं बदलून. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘विद्यार्थ्याने स्वच्छ व नीटनेटक्या गणवेशात यावे.’ आता नीटनेटकं म्हणजे काय, ते रांगेसमोर जो उभा असेल त्याने ठरवायचं. वर्गशिक्षकांना चालणारे केस पी.टी.च्या सरांना चालत नाहीत आणि मूल मधल्यामध्ये सापडतं. त्यापेक्षा सरळ लिहावं: केस डोळ्यांवर येऊ नयेत, मोकळे केस मागे कॉलरला टेकू नयेत, त्याहून लांब असतील तर बांधावेत. मुलगा की मुलगी हेही मग लिहावं लागत नाही.

दोन वेण्या आणि लाल रिबिनीच का, असं विचारलं की उत्तर येतं, उवा. उवा डोक्याला डोकं लागून पसरतात. केस बांधलेले असले की झालं, वेणी एक की दोन याने काही अडत नाही. झाल्याच तर औषध लावायचं, लिखांतून निघणाऱ्या उवांसाठी सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावायचं, मध्ये ओले केस बारीक दातांच्या फणीने विंचरायचे आणि घरातल्या सगळ्यांची डोकी बघायची. हे पालकांना चिठ्ठीवर लिहून द्यावं. परिपाठाच्या रांगेत मोठ्याने सांगितलं तर वर्षभर चिडवायला एक नाव मिळतं, उवा तिथेच राहतात.

८ जून

कापड. सुती अंगाला बरं, पण धुतल्यावर आटतं, इस्त्री मागतं आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. टेरीकॉट रात्री पिळून पंख्याखाली टाकलं तर सकाळी घालता येतं, मात्र एप्रिलच्या उकाड्यात तेच अंगाला चिकटतं. शर्ट सुताचं प्रमाण जास्त असलेला आणि पँट-स्कर्ट टेरीकॉटचे, ही तडजोड त्यातल्या त्यात सोसते. सुती कापड शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवायला शिंप्याला सांगायचं. नाहीतर जूनमध्ये बसलेली कॉलर गणपतीपर्यंत गळ्याशी येते.

माप वाढत्या अंगाचं घ्यायचं. पँटला आणि स्कर्टला आतून दोन इंचांची दुमड, कमरेला मागे इलॅस्टिक. सहा महिन्यांनी दुमड उसवली की खाली एक गडद रेघ दिसते, कारण बाकीचं कापड विटलेलं असतं आणि तेवढी पट्टी नवीकोरी. ही रेघ म्हणजे ‘अस्वच्छ गणवेश’ नव्हे, हे पत्रकात लिहायला हवं. कुठेच लिहिलेलं नसतं. स्कर्टची लांबी उभं राहून मोजतात तीही चूक. मुलगी सतरंजीवर मांडी घालून बसते, खिचडी खाते, तेव्हा गुडघे झाकले जायला हवेत. सायकलने येणाऱ्या मुलींना सलवार-कमीज असेल तर ओढणीऐवजी जॅकेट द्यावं. ओढणी चाकात जाते.

सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला ३०० रुपये, दोन गणवेशांना ६००. त्यात कापड, शिलाई, बटणं, सगळं बसवायचं. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापड राज्य पातळीवरूनच घेतलं गेलं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. गणवेश उशिरा आले, अनेकांना बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. गणवेश बसले नाहीत त्यात नवल काही नाही. चौथीच्या एकाच वर्गात चोवीसची छाती असते आणि बत्तीसचीही. इयत्तेवरून माप निघत नाही, टेप घेऊन प्रत्येकासमोर उभं राहावं लागतं.

आणि दर दोन वर्षांनी चौकडीचा रंग बदलण्याची हौस शाळांनी सोडावी. थोरल्याचा शर्ट धाकट्याला चालला पाहिजे.

१३ जून

पाऊस. काळे बूट आणि पांढरे मोजे हा नियम जून ते सप्टेंबर बाजूला ठेवावा. रेक्झिनच्या बुटांचा तळ चिखलात सुटतो, आत ओल धरते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रबरी किंवा प्लॅस्टिकची, मागे पट्टा असलेली सँडल चालेल, इतकं स्पष्ट लिहावं. पट्टा यासाठी की स्लिपर ओल्या फरशीवर सटकते. ज्यांना बूटच घालायचे आहेत त्यांनी रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि झोपण्याआधी एकदा बदलावेत.

डागांवरून बोलणी खाणारी मुलंही याच दिवसांत वाढतात. शर्टावर वरण सांडलं आणि साबण लावला की पिवळा डाग लालभडक होतो. आईला वाटतं रंग लागला. ती हळद असते, साबणाच्या खाराने लाल झालेली. चांगलं धुऊन कडक उन्हात दोन दिवस टाकलं की डाग उडतो. पण जुलैत ऊन आणायचं कुठून? तेव्हा हळदीचा डाग पावसाळ्यात माफ. पांढऱ्या शर्टाचा हट्ट धरला आहे तर एवढं सोसावंच लागेल.

१७ जून

दागिन्यांचं कलम दोन ओळींत संपतं. खो-खो, कबड्डीत अडकेल ते नको: लोंबते डूल, मोठ्या रिंगा, कडं, काचेच्या बांगड्या. कुडी चालेल. मनगटातला धागा, राखी, कपाळावरचं काही, यांच्या वाटेला जाऊ नये. मेंदी तर अजिबात नाही. नागपंचमीला काढलेली मेंदी आठ-पंधरा दिवस राहते, ती मुलीला पुसता येत नाही. जी गोष्ट मूल उद्यापर्यंत स्वतः दुरुस्त करू शकत नाही त्यासाठी त्याला उभं करायचं तरी कशाला? नखं कापता येतात, तुटलेलं बटण लावता येतं. फाटका बूट, आखूड झालेली पँट, उशिरा सुटलेली एस.टी., यातलं काहीच त्याच्या हातात नाही.

२१ जून

वर्तनाचे नियम. परिपाठाला राष्ट्रगीत, राज्यगीत. राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत सरळ उभं राहायचं. एखादं मूल श्रद्धेमुळे गात नसेल पण आदराने उभं असेल, तर तो अपमान नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच केरळच्या तीन भावंडांच्या प्रकरणात सांगितलं आहे. त्यांना शाळेतून काढलं होतं. न्यायालयाने परत घ्यायला लावलं.

शिक्षेचा रकाना पत्रकात बहुधा मोघमच ठेवतात, ‘योग्य ती कारवाई’. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. त्यात छडी आली, उठाबशाही आल्या, अंगठे धरून उभं करणंही आलं. केस रांगेत कात्रीने कापणं तर उघडच. कलम १६ मुळे आठवीपर्यंत शाळेतून काढताही येत नाही. मग उरतं काय? नोंदवही. तारीख, काय चुकलं, कारण काय सांगितलं, कुणाशी बोलणं झालं, असे चार रकाने. तिसऱ्यांदा तेच झालं तर पालकांना बोलवायचं, तेही वर्गासमोर नाही. वही महिनाभर चालली की दिसतं, उशिराच्या निम्म्या नोंदी एकाच गावच्या आहेत. मग पत्र एस.टी.च्या आगारप्रमुखांना जातं, पालकांना नव्हे.

शिक्षकखोलीत एक पेटी ठेवायची. शाळा सोडून गेलेल्या मुलांचे धुतलेले पाच-सहा शर्ट वेगवेगळ्या मापांचे, दोन स्कर्ट, दोन पँटी, सुई-दोरा, पांढरी बटणं, सेफ्टी पिना, नेलकटर, टॉवेल, सॅनिटरी पॅड. भिजून आलेल्याने घ्यावं, दुसऱ्या दिवशी धुऊन आणावं, सही नको. पेटीला कुलूप लावू नये. किल्ली ज्याच्याकडे, तो नेमका त्या दिवशी रजेवर असतो.