तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांसमोर गायचं कशासाठी?

‘रेकॉर्डिंगमध्ये बिघडलेली जागा पुन्हा गाता येते, आवाज हवा तसा स्वच्छ करून मिळतो. मग जीव टांगणीला लावून लोकांसमोर गायला का बसता?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणारी माणसं बहुतेक माझी काळजी करणारी असतात. मैफलीआधीची मी त्यांनी पाहिलेली असते: हात गार, घशाला कोरड, कुणाशी बोलणं नको.

खरं सांगायचं तर काही गोष्टी मला समोर माणसं असल्याशिवाय सुचतच नाहीत.

विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल हा तालच घ्या. मात्रा बाराच, पण लय अगदी संथ असेल तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पुरं व्हायला मिनिटभरही लागतं. त्या मिनिटात मी रागात कुठेही फिरू शकते, पण शेवटी मुखडा, म्हणजे गाण्याच्या पहिल्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा, उचलून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचंच असतं. एकटीने रियाज करताना सम आली की हिशोब जुळतो, एवढंच. सभागृहात मात्र नवव्या-दहाव्या मात्रेपासून समोरच्या रांगांमधली चुळबुळ थांबते. मांडीवर ताल धरणारा एखादा हात वर उचलला जातो आणि तिथेच थांबतो. कुणीतरी खुर्चीत पुढे सरकून बसतं. सम कुठे आहे हे त्यांना माझ्याइतकंच नेमकं कळलेलं असतं, आणि त्यांना ते कळलंय हे मला दिसत असतं. मग मी मुखडा किंचित उशिरा उचलते. मुद्दाम. ही हिंमत मला बंद खोलीत होत नाही, कारण तिथे वाट बघणारं कुणी नसतं. तबल्यावर ‘धिं’ पडतो, तो हात खाली येतो, कितीतरी माना एकदम हलतात, आणि त्या क्षणी मला जो आनंद होतो त्याच्या तोडीचं दुसरं काही मला ठाऊक नाही. ‘वा’ त्यानंतर येतो. तो आला नाही तरी चालतं.

हे नुसतं मनाचं नाही, आवाजाचंही आहे. दुपारी साउंड चेकच्या वेळी रिकामं सभागृह घुमत असतं, तान घेतली की सूर एकमेकांवर चढतात. संध्याकाळी खुर्च्या भरल्या की तिथेच आवाज मोकळा, सुटा ऐकू येतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे ध्वनी शोषून घेतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबिन यांनी १८९५ मध्ये याचा रीतसर अभ्यास सुरू केला. एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात ते रात्री दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या नेऊन ठेवत आणि ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. श्रोत्यांमुळे किती आवाज शोषला जातो, हेही त्यांनी मोजलं. म्हणजे माणसं नुसती येऊन बसली तरी माझं गाणं बदलतं! दुपारी ठरवलेली तानेची गती मला संध्याकाळी पुन्हा ठरवावी लागते, आणि मला ते फार आवडतं.

कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांचं उदाहरण मला बरेचदा दिलं जातं. त्यांनी १९६४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, जाहीर कार्यक्रम कायमचे थांबवले आणि पुढे स्टुडिओतच वाजवलं. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मी मनापासून ऐकते. पण ते वाजवत ते बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं संगीत आधीच लिहून ठेवलेलं असतं. मी गाते त्या ख्यालात बंदिशीच्या, म्हणजे बांधलेल्या गीताच्या, चार ओळी ठरलेल्या, बाकी सगळं तिथे बसल्यावर घडवायचं. ते कुणासमोर घडतंय यावर बरंच काही अवलंबून असतं.

मारवा राग गाताना हे मला सगळ्यात जास्त जाणवतं. त्यात षड्ज, म्हणजे ‘सा’, बराच वेळ लांब ठेवायचा असतो. तानपुरा तो देत राहतो, गळा मात्र कोमल रिषभ आणि धैवताभोवती, म्हणजे ‘रे’ आणि ‘ध’भोवती, फिरत राहतो. ऐकणाऱ्याला हळूहळू अस्वस्थ व्हायला होतं. ती अस्वस्थता मला मंचावर बसल्या जागी कळते आणि अजून थोडं थांबावं की आता यावं, हे त्यावरून ठरतं. शेवटी षड्जावर येऊन स्थिरावले की सभागृहभर श्वास सुटल्याचं ऐकू येतं. नंतर रेकॉर्डिंगमध्ये मी ती जागा लावून पाहते. षड्ज असतो, तो श्वास माइकने पकडलेला नसतो.

भीतीचं विचाराल तर ती अजूनही वाटते. छातीचे ठोके वाढलेले असले की नेहमीची लय संथ वाटायला लागते आणि हात नकळत जलद लय दाखवून जातो. म्हणून साथीच्या तबलावादकांना आधीच सांगून ठेवते, मी दाखवीन त्याहून कणभर संथ ठेका धरा. पहिली सम आली की छाती आपोआप निवते.

आणखी एक विनंती मी प्रत्येक आयोजकांना करते: प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवू नका. त्यांना वाटतं, अंधारात वातावरण छान जमेल. पण मंचावरच्या प्रकाशझोतातून समोर बघितलं की नुसता काळोख दिसतो, आणि मग वर लिहिलं त्यातलं निम्मं मला मिळतच नाही. पुढच्या चार-पाच रांगा दिसल्या तरी पुरे.