कॉस्मेटिक भेग

मागच्या रविवारी दुपारी पेंटर आला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग त्याला दाखवायची म्हणून चार दिवस फोन करत होतो. त्यानं बोटांनी भिंत ठोकली, नखानं एक पोपडा उचकटला, लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "काय टेन्शन घेऊ नका सर, कॉस्मेटिक हाय. आत काय झाल्यालं नाही." मग चहा पिऊन गेला. आणि मी भेग सोडून त्या शब्दाकडंच बघत बसलो.

म्हंजे बघा, मला हा शब्द पहिल्यांदा भेटला तो आमच्या बेळगावच्या गणपत गल्लीत. ताई कॉलेजला जायला लागली आणि तिच्याबरोबर फॅन्सी स्टोअरला जायची ड्युटी माझ्यावर आली, पिशवी धरायला. दुकानावर बोर्ड होता तीन लिप्यांत, जनरल, बँगल्स अँड कॉस्मेटिक्स. ताई एकेका नखाला एकेक नेलपॉलिश लावून बघायची, पाच बोटं पाच रंग, आणि शेवटी पहिलंच घ्यायची, नाहीतर काहीच न घेता फक्त पिना घेऊन निघायची. मालक आमच्याशी मराठी, शेजारच्या बैलहोंगलच्या बाईंशी कन्नड, आणि दोघींनी भाव पाडायला घेतलं की स्वतःशीच काहीतरी तिसरंच बोलायचा. मला दुसरा उद्योग नसायचा म्हणून मी बोर्डावरची कन्नड अक्षरं देवनागरीशी जुळवत बसायचो, माझं निम्मं कन्नड तिथलं आहे. आता २०२४ च्या कायद्यानं बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे, म्हणजे आजच्या पोराला अक्षरं मोठी दिसतील. (त्यावरनं आमच्याकडं काय काय होतं ते इथं नको. शब्द ग्रीक आणि भांडण आमचं.)

तर ग्रीक. मोबाईलवर शोधत बसलो तर मूळ शब्द निघाला कॉस्मॉस. त्याचा अर्थ आधी नीट मांडणी, व्यवस्था, आणि त्यातूनच शोभा, दागिना. त्याचं क्रियापद होमरकडं सैन्य रांगेत उभं करायला वापरलंय. आणि मग म्हणे पायथागोरसनं, हो तोच काटकोन त्रिकोणवाला, सगळ्या विश्वालाच कॉस्मॉस म्हटलं, कारण त्याला त्यात व्यवस्था दिसली. म्हणजे गागारीन कॉस्मोनॉट आणि ताईची लिपस्टिक कॉस्मेटिक, एकाच घरातली चुलत भावंडं. सैन्य, ग्रहतारे आणि पावडर या तिन्हींत "जागच्या जागी" एवढी एकच गोष्ट सारखी.

त्याहून मजा पुढं आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन नावाचा वैद्य होता. त्यानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. शरीराचं जे मुळात आहे ते नीट राखायचं ती कॉस्मेटिक, ती वैद्यकाचाच भाग. आणि जे नाही ते रंग फासून आणायचं त्याला वेगळा शब्द, कॉमोटिक, आणि ते वैद्याचं काम नव्हे. म्हणजे दोष होता त्या दुसऱ्या शब्दाचा आणि बदनाम झाला हा! हिशोबानं आमच्या पेंटरनं "कॉमोटिक हाय" म्हणायला पाहिजे होतं. त्याला फोन करून सांगावं असं एक मिनिट वाटलं पण आधीच तो यायला चार दिवस लागले होते.

आपल्याकडं तरी काय. प्रसाधन म्हणजे नटणं सजणं, संस्कृतात प्रसाधनी म्हणजे फणी. आणि लहानपणी आम्ही एसटीनं कोल्हापूरला गेलो तर स्टँडवर बोर्ड, प्रसाधनगृह. ताईला वाटलं आत पावडर, आरसा असणार, केस नीट करून येते म्हणाली आणि नाकाला रुमाल लावून परत आली. बेळगावच्या स्टँडवर सरळ शौचालय लिहिलेलं असतं, कन्नडातही तोच शब्द, निदान फसवणूक नाही. पण ताईला हसायला नको, इंग्रजी टॉयलेटचंही हेच झालंय, फ्रेंचमध्ये ते कापडाचा तुकडा म्हणून सुरू झालं, मग साजशृंगाराचं टेबल, आणि मग आपल्याला माहीत आहे ते. नटण्याच्या शब्दांना हा शाप आहे की काय कुणास ठाऊक.

सरकारी व्याख्या तर वाचाच. औषधांचा कायदा १९४० चा, त्यात कॉस्मेटिक्स घातली १९६२ ला. माणसाच्या अंगाला स्वच्छतेसाठी किंवा देखणेपणासाठी चोळायची, ओतायची, शिंपडायची, फवारायची वस्तू, अशी ती चाललीय. निपाणीकडच्या आमच्या मामाला वाचून दाखवली तर म्हणाला, "हे तंबाखूचंच लिवलंय की गा."

पण माझ्यासाठी कॉस्मेटिक्स म्हणजे आज्जीची फणेरपेटी. तिला तो शब्द माहीत नव्हता. लाकडी पेटी, झाकण उचलून तिरकं टेकवलं की आरसा उभा, एका कोपऱ्यात पारा गेलेला, त्यामुळं आज्जीचा डावा कान कधीच दिसायचा नाही. कप्प्यांत फणी, गंगावण, मेणाची डबी, पिंजरीचा करंडा, एक काजळाची डबी जिला कुणी हात लावायचं नाही. सकाळी आंघोळ झाली की खिडकीपाशी पाट घेऊन बसायची. आधी फणी, मग अनामिकेनं कपाळावर मेणाचं गोल, मग त्यावर कुंकू, मग नाकावर सांडलेलं पदराच्या टोकानं टिपणं. क्रम एकाही दिवशी बदलला नाही. मी समोर बसलो की म्हणायची, "काय बघालास? जा की, दूध बघ उतू चाललंय." शेवटी आरशात न बघताच "बास" म्हणायची आणि झाकण लावायची. अलंकार या शब्दात अलम् म्हणजे पुरेसं, ते मला कॉलेजात कळलं, आज्जी त्याआधीपासून रोज म्हणत होती.

आजोबा गेले तेव्हा मी सातवीत. पेटी माळ्यावर जाईल असं वाटलं होतं, पण ती खिडकीपाशीच राहिली. सकाळी पाट, झाकण, फणी. पुढचं नाही. करंडा आत्यानं नेला. मेणाची डबी तेवढी राहिली, आणि त्या उन्हाळ्यात आज्जी जुनी लुगडी काढून वाकळ शिवायला बसली, तर दोरा सरसर ओढला जावा म्हणून त्या मेणावरनं घासून घ्यायची. मेणात वर्षांची पिंजर मुरलेली. पांढरा दोरा गुलाबीसर होऊन निघायचा. वाकळीवर एका कडेनं ते गुलाबी टाके आहेत, मग मेण संपलं असणार, पुढचे पांढरे.

ती वाकळ अजून आहे, कपाटात, आता कुणी पांघरत नाही.

पेंटर सोमवारी पुट्टी घेऊन येतो म्हणालाय. कुठल्या सोमवारी ते विचारायचं राहिलं.